मिलिमीटरचा काळा रंग

"फाईल उघडते की नाही, एवढंच सांग."

"उघडते."

"मग झालं तर!"

"उघडते, पण रेषा एकीकडे, अक्षरं दुसरीकडे आणि मधली चौकट बेपत्ता."

"म्हणजे उघडत नाही."

"दादा, सुटकेस उघडली आणि आत कपडे चुरगळलेले निघाले, तर सुटकेस उघडलीच नाही असं म्हणतात का?"

"गिऱ्हाईक सुटकेस बघायला येत नाही, छोटे! कपडे बघायला येतं!"

दादा छापखान्याचा मालक. छोटी ही त्याची सख्खी धाकटी बहीण. वय सत्तेचाळीस, पण दादाच्या तोंडी अजून छोटीच. बाकी सगळा छापखाना, कागदवाला, शाईवाला आणि समोरचा कुलूपवालासुद्धा तिला मिलिमीटर म्हणतो. भांडण चाललं होतं छापखान्याच्या मागच्या खोलीत. तिथे एक टेबल, एक जुना कॉम्प्युटर आणि एक खुर्ची आहे, आणि त्या खुर्चीवर मिलिमीटरशिवाय कोणी बसत नाही, कारण ती खुर्ची डावीकडे कलते आणि तिचा तोल फक्त मिलिमीटरलाच माहीत आहे.

भांडणाचं मूळ होतं पेनड्राइव्हमध्ये. डोळ्यांच्या डॉक्टरांनी एक हजार कार्डं छापायला दिली होती. चष्म्याच्या तपासणीत आपल्या हातात देतात ना, जवळचं वाचायचं कार्ड? वरची ओळ ढब्बू अक्षरांत, मग बारीक, मग आणखी बारीक, आणि शेवटची ओळ मुंगीच्या पावलांची. डॉक्टरांनी जुन्या कार्डाची फाईल पाठवली होती, आणि ती बनवली होती एका मोठ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये, जे मिलिमीटरच्या कॉम्प्युटरवर चालत नाही. कारण मिलिमीटरच्या कॉम्प्युटरवर लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी फुकटची, कुणा एका कंपनीची नसलेली यंत्रणा.

"अख्खं जग एका रस्त्यानं जातं," दादा म्हणाला, "आणि आमच्या बाईसाहेब शेताच्या बांधावरून!"

"बांधावरून जाते, पण वेळेवर पोचते. मागच्या सहा वर्षांत माझ्यामुळे एक तरी काम उशिरा गेलं?"

"आज जाईल ना! फाईलच उघडत नाही!"

"मला ती फाईल नकोच आहे. आठ ओळींचं कार्ड! मी कोऱ्या पानावर नवं करते. आज दुपारपर्यंत."

"दुपारपर्यंत?"

"तुझी झोप व्हायच्या आत."

दादा दुपारी झोपतो हे छापखान्यात सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही. त्यामुळे तो भडकला.

"ठीक आहे. मग ऐक. शुक्रवारी चार वाजता डॉक्टर स्वतः येणार. पहिली तीनशे कार्डं बघणार, मग उरलेल्या सातशेंना हो म्हणणार. कार्ड पास झालं तर तुझा कॉम्प्युटर तुझा, मी पुन्हा नाव काढणार नाही. नाही झालं, तर पुढच्या सोमवारी तो पानं मांडून देणारा स्टुडिओवाला येईल, ह्या डब्यातलं सगळं पुसून त्याचं ते भाड्याचं सॉफ्टवेअर घालेल, आणि यापुढे सगळी पानं त्याच्याकडूनच तयार होऊन येतील. तू बाहेर बसून प्रूफं तपासायची. कबूल?"

मिलिमीटरनं खुर्ची उजवीकडे सरकवली, म्हणजे ती सरळ झाली.

"कबूल."

आता ही बाई एवढी कशाला पेटली, ते सांगायला हवं. अकरा वर्षांची असताना ती शाळेतून थेट छापखान्यात यायची. एकदा तिनं बाबांना सांगितलं, औषधाच्या बाटलीचं लेबल उजव्या बाजूनं जाड दिसतंय. बाबांनी पट्टी लावली. समास बरोबर एक मिलिमीटर जास्त. आज छपाईचं मशीन चालवतात तेच मास्तर तेव्हाही होते, ऐन विशीतले. ते हसले आणि म्हणाले, "आली आपली मिलिमीटर!" त्या दिवसापासून शाळेच्या दाखल्यावरचं नाव दाखल्यावरच राहिलं.

पुढे एकेक अक्षर जुळवायचे शिशाचे खिळे गेले, कॉम्प्युटर आला. दादा कॉम्प्युटरला हात लावायला घाबरायचा, म्हणून ती बसली. मोठ्या कंपनीचं ते सॉफ्टवेअर तिनं एकटीनं, मेन्यू एकेक करून उघडत, शिकून घेतलं. चौदा वर्षं त्यात लेबलं केली, खोकी केली, पत्रिका केल्या. मग एका सोमवारी सकाळी पडद्यावर चौकोन आला. ही आवृत्ती आता बंद. नवी घ्यायची तर महिन्याच्या भाड्यानं. चौदा वर्षांच्या कामांची चित्रं समोर रांगेनं उभी, आणि एकही उघडेना.

"कंपनीचं काही चुकलं नाही हो," ती अजूनही सांगते. "भाड्याचं घर ते भाड्याचंच. भिंतीत कपाटं बांधली ती मी!"

त्यानंतरच्या रविवारी तिनं लिनक्स घातलं. पहिल्या खेपेला चुकीची जागा पुसली गेली आणि त्यात वहिनीचा गाण्यांचा साठा गेला, तेराशे गाणी. वहिनी अकरा दिवस बोलली नाही. बाराव्या दिवशी बोलली तेव्हा म्हणाली, "एक तरी माझ्या आवडीचं वाचवायचंस!"

मग मिलिमीटरनं दोनशे पानी वही केली. डाव्या पानावर 'आधी हे होतं', उजव्या पानावर 'आता हे'. फोटो साफ करायला गिंप. रेषा आणि अक्षरांचे आकार काढायला इंकस्केप. रंगवायला क्रिटा. आणि सगळं एका पानावर मांडून छापायला पाठवायचं ते स्क्रायबस. तिनं ह्या सगळ्यांशी नाती जोडली, कारण तिच्या मते नातं लावल्याशिवाय कुणाचे नखरे सहन होत नाहीत. गिंप म्हणजे चुलता, सगळं येतं पण कुठली वस्तू कुठे ठेवली ते सांगणार नाही. इंकस्केप म्हणजे मावसबहीण, हाक मारली की धावत येते. क्रिटा म्हणजे धाकटी नणंद, चित्रं सुरेख, बाकी घरकामात लक्ष नाही. आणि स्क्रायबस म्हणजे सासू. एक चूक पोटात घालत नाही, पण घर तिच्यामुळेच उभं.

काही काळ तिनं चोरवाटाही शोधल्या. लिनक्समध्ये वाइन नावाचा एक दुभाष्या मिळतो, तो दुसऱ्यांची सॉफ्टवेअरं इथे बोलती करतो म्हणे. त्यानं तिचं जुनं सॉफ्टवेअर बोलतं केलंही, पण मेन्यूतल्या प्रत्येक अक्षराच्या जागी एक रिकामा डबा. दोन दिवस ती डब्यांवर अंदाजानं बोटं मारत होती. मग कळलं की विकत मिळणारी काही सॉफ्टवेअरं लिनक्सवरही चालतात. सिनेमा कापायचं एक, गाणी रेकॉर्ड करायची दोन-तीन.

"म्हणजे मी सिनेमा काढला असता तर कुणाची ना नव्हती," ती नवऱ्याला म्हणाली. "लेबल छापणं तेवढं पाप!"

नवरा पोहायला शिकवतो. पाण्याबाहेर त्याला कशाबद्दलच ठाम मत नसतं. तो म्हणाला, "मग काढ की सिनेमा."

असो. तर भांडण झालं त्या सोमवारी तिनं पैज घेतली आणि दुपारी अडीचला कार्ड पुरं केलं. दादा तेव्हा झोपलेलाच होता.

कार्डावरचा मजकूरही घरचाच. डॉक्टरांना मागच्या वेळची वाक्यं नको होती, लोकांना पाठ झाली होती म्हणे. पुढच्या बाजूची वाक्यं दादानं लिहिली. आदल्या आठवड्यात चार दिवस तो पेन्सिल चावत होता. त्याची शेवटची ओळ होती, 'दिवा लावला की टेबलावरची सुई दिसते, पण हात खिशात असतील तर ती उचलता येत नाही.' मागच्या बाजूची वाक्यं वहिनीनं लिहिली, भाजी निवडता निवडता, पाऊण तासात. अक्षरांची उंची मात्र मिलिमीटरची. डॉक्टरांच्या कोष्टकातलं माप दशांशासकट घेऊन तिनं प्रत्येक ओळ इंकस्केपमध्ये आकार म्हणून घडवली, शेवटच्या ओळीला सहा वेळा मोजलं, आणि सगळं उचलून सासूच्या, म्हणजे स्क्रायबसच्या, पानावर ठेवलं. खाली लाल-हिरवी पट्टी होती, डॉक्टरांना ती लागते, म्हणून काम चार रंगांत जाणार होतं. निळी, गुलाबी, पिवळी, काळी, अशा चार शायांच्या छापायच्या चार प्लेटा. मंगळवारी प्लेटा झाल्या, बुधवारी मास्तरांनी तीनशे कार्डं काढली, गुरुवारी सकाळी ती वाळून, कापून टेबलावर आली.

मास्तरांनी वरचं कार्ड उचललं. हात लांब केला. जवळ आणला. पुन्हा लांब केला. लांबून कोणी बघितलं असतं तर वाटलं असतं, मास्तर सारंगी वाजवतायत.

"काय झालं, मास्तर?"

"काही नाही. उजेड कमी आहे."

ते दारात गेले. दारातून रस्त्यावर गेले. रस्त्यावरून परत आले आणि कार्ड ठेवून मशीनकडे गेले.

वहिनी आली, तिनं चष्मा पुसला, पदरानं पुन्हा पुसला. "ही खालची ओळ काय गं? सुई? सून? माझा नंबर वाढला बाई. कालपर्यंत दोऱ्यात सुई ओवत होते मी!"

"ओवायची असते सुईत, दोरा," दादा म्हणाला.

"तेच! बघा, डोकंही गेलं!"

"आण इकडे." दादानं कार्ड घेतलं, छातीशी धरलं, आणि खणखणीत आवाजात वाचलं, "दिवा लावला की टेबलावरची सुई दिसते, पण हात खिशात असतील तर ती उचलता येत नाही! स्वच्छ दिसतंय. म्हातारे झालात सगळे."

हे वाचताना तो बघत होता पंख्याकडे. पण त्या घटकेला ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

मिलिमीटरनं स्वतः बघितलं. शेवटची ओळ तिलाही धड दिसेना. अक्षरं होती, पण जशी काही ओल्या कपड्याखालून. तिनं स्वतःच्या चष्म्याला दोष दिला. तीन माणसं, तीन चष्मे आणि एकाही डोक्यात शंका नाही! छापखान्यातल्या माणसांचा एकमेकांच्या कामावर इतका विश्वास, की डोळे फुटले म्हणतील पण छपाई फुटली म्हणणार नाहीत.

जेवणाच्या सुट्टीत मास्तर डबा न उघडता कुठेतरी गेले. परत आले ते थेट मागच्या खोलीत. दार लोटलं. चाळीस वर्षांत त्यांनी त्या खोलीचं दार कधी लोटलं नव्हतं.

"ताई, चष्म्याच्या दुकानात जाऊन आलो. मशीनमध्ये हनुवटी ठेवून तपासलं."

"मग? नंबर वाढला?"

"नाही. होता तेवढाच आहे."

"मग चांगलं की!"

"काय चांगलं?" मास्तरांचा आवाज बारीक झाला. "नंबर वाढला असता तर काच बदलली असती. नंबर तोच, आणि दिसत नाही. म्हणजे खराबी काचेत नाही, आतच आहे. मशीनवाल्याचे डोळे गेले म्हणजे काय राहिलं? चार रंग एकावर एक बसवायचे ते ह्या डोळ्यांनी. रंगांची ती जुळणी, माझं रजिस्टर, तेच हललं असणार. दादांनी गेल्या महिन्यातच म्हटलं होतं, मास्तर, आता एखादा तरुण माणूस बघू का मदतीला? मदतीला! मला कळत नाही का?"

"मास्तर, थांबा जरा."

"उद्या सकाळी मीच सांगतो त्यांना. कार्डं मी बिघडवली. डॉक्टर यायच्या आत सांगितलेलं बरं. तुमच्या पैजेत माझं लफडं नको."

ते गेले. मिलिमीटरनं खणातून भिंग काढलं. बाबांचं पितळी भिंग, कागदावर ठेवायचं आणि वरून डोळा लावायचा. तिनं ते शेवटच्या ओळीवर ठेवलं.

अक्षरांना झालर होती. डाव्या अंगाला निळी, उजव्या अंगाला गुलाबी, आणि मध्ये काळा. केसाच्या निम्म्याहून कमी फरक. एवढा फरक कुठल्याही मशीनवर असतो; आंघोळीच्या साबणाच्या खोक्यावर तो दिसतसुद्धा नाही. मास्तरांचं रजिस्टर ठणठणीत होतं. पण मुळात काळ्या अक्षराला निळी झालर आलीच कुठून? काळं अक्षर फक्त काळ्या प्लेटेवर हवं. एकच प्लेट, मग हलायचा प्रश्नच नाही.

तिनं कॉम्प्युटरवर स्क्रायबसमध्ये ते पान उघडलं. त्यात छपाईआधी एक खिडकी उघडता येते. चारही शाया एकेक करून बंद करायच्या आणि बघायचं, काय उरतं. तिनं काळी बंद केली. नियमानं सगळी अक्षरं नाहीशी व्हायला हवी होती.

झाली नाहीत. निळसर-तांबूस भुतांसारखी ओळीनं उभी राहिली.

पडद्यावरचा काळा आणि छापखान्यातला काळा हे दोन वेगळे प्राणी. इंकस्केपमधून आणलेला काळा पडद्याचा असतो. तो छपाईला जाताना चारही शायांचा थोडा थोडा होऊन जातो. म्हणून सासूच्या घरात आणल्यावर रंगांच्या यादीत जाऊन त्याला सांगायचं असतं, बाबा रे, तू इथे निव्वळ काळा, बाकी तिघांशी तुझा संबंध नाही. तीन मिनिटांचं काम. हे मिलिमीटरच्या वहीत पहिल्याच पानावर लाल पेननं लिहिलेलं होतं. सहा वर्षांत ती एकदाही विसरली नव्हती. सोमवारी विसरली. कारण सोमवारी ती कार्ड करत नव्हती, दादाला दाखवून देत होती.

दुरुस्ती तिनं लगेच केली. तीन मिनिटंही लागली नाहीत. मग ती त्या कलत्या खुर्चीवर नुसती बसून राहिली.

हिशेब सरळ होता. गप्प बसायचं. मास्तर उद्या सकाळी आपण होऊन दोष घेणार. नव्या प्लेटा करून पुन्हा छापायचं, डॉक्टर पास करणार, कॉम्प्युटर वाचणार, सहा वर्षांची सगळी पानं वाचणार. फुटणार काय? मास्तरांचे धडधाकट डोळे, तेवढेच.

घरी नवऱ्याला तिनं सगळं सांगितलं. तो टॉवेल वाळत घालत होता.

"मास्तरांना तू सांगितलंस की डोळे चांगले आहेत?"

"सांगितलं तर का चांगले आहेत तेही सांगावं लागेल."

"हं," तो म्हणाला. आणि चिमटे संपले म्हणून आत गेला. असल्या माणसाशी भांडायचंही सुख नसतं.

शुक्रवारी सकाळी साडेनऊला दादाच्या टेबलासमोर मास्तर उभे होते, टोपी हातात. वहिनी पावतीपुस्तक चाळत होती. मिलिमीटर आत शिरली ती चपलांसकट.

"दादा, मला तुमच्याशी एक बोलायचंय," मास्तर म्हणत होते, "ही कार्डं जी आहेत ना..."

"कार्डं मी बिघडवली," मिलिमीटर म्हणाली.

"ताई, तुम्ही मध्ये पडू नका. रजिस्टर माझं हललं..."

"तुमचं काही हललेलं नाही. तुमचे डोळे उत्तम आहेत. वहिनी, तुझेही. ओळ दिसत नाही कारण ती दिसण्यासारखी छापलेलीच नाही. काळा चार शायांत गेला. तो मी पाठवला."

दादानं चहाचा कप हळूच खाली ठेवला.

"म्हणजे तुझ्या त्या लिनक्सनं."

"लिनक्सनं नाही, मी. तिथे दुरुस्त करायची सोय आहे, बघायची खिडकी आहे. मी उघडली नाही."

"पण भाड्याच्या त्या सॉफ्टवेअरमध्ये ही उठाठेव करावी लागली असती?"

मिलिमीटर खोटं बोलली असती तर इथेच बोलली असती. "बहुतेक नसती. तिथे आखतानाच छपाईचा काळा घेता येतो. इथे एक पाऊल जास्त आहे. दर वेळी आठवणीनं टाकावं लागतं."

"आणि दुरुस्त करायला किती वेळ लागतो म्हणालीस?"

"तीन मिनिटं."

"तीन मिनिटं!" दादा उभाच राहिला. "तीनशे कार्डं रद्दीत, आणि तीन मिनिटं नव्हती?"

"नव्हती. तुझी झोप व्हायच्या आत संपवायचं होतं."

वहिनीनं पावतीपुस्तकात तोंड घातलं. हसतेय की काय ते दिसू नये म्हणून.

"हसू नकोस!" दादा म्हणाला. "आणि तू कशाला सांगायला आलीस गं? मास्तर तर स्वतःच घेत होते अंगावर. मला काय कळणार होतं?"

"तुला नसतं कळलं. ते मशीनवर उभे राहिले असते घाबरत, आणि घाबरलेला माणूस खरोखरच चुकतो."

मास्तरांनी टोपी डोक्यावर घातली. काढली. पुन्हा घातली. "म्हणजे, माझ्या आत काही नाही?"

"आत पुष्कळ आहे," वहिनी म्हणाली, "पण आजार नाही. जा, प्लेटा करा नव्या."

"आणि पैज?" दादा म्हणाला. "पैज गेली हं, छोटे. मी फोन करतो स्टुडिओवाल्याला."

"पैज डॉक्टरांच्या हो-नाहीवर होती. चार अजून वाजायचेत."

"फाटे फोडू नकोस!"

"शब्द तुझेच होते. पास झालं तर."

पुढचे सहा तास छापखान्यात कोणी कोणाशी पूर्ण वाक्य बोललं नाही. नव्या प्लेटा झाल्या. मशीन धुतलं. मास्तरांनी पहिलं कार्ड काढलं, ओलंच हातात धरून शेवटची ओळ मोठ्यानं वाचली, आणि मग उगाचच दुसऱ्यांदा वाचली. मिलिमीटरनं भिंग लावलं. काळं म्हणजे काळंच. कडा अशा, की बोट कापेल. साडेतीनला नवी तीनशे कार्डं कापून टेबलावर आली.

चार वाजून दहा मिनिटांनी डॉक्टर आले. बुटका, उत्साही माणूस. खिशात स्वतःची छोटी स्टीलची पट्टी घेऊन हिंडणारा. त्यांनी कार्ड घेतलं, पट्टी लावली, डोळ्याला भिंग लावलं.

"वा! शेवटची ओळ मापात आहे की!" ते म्हणाले. "मागच्या कार्डावर ती जरा मोठीच होती. म्हातारे खूश व्हायचे, सगळे पास! ही कोणी केली?"

मास्तरांनी मिलिमीटरकडे बोट दाखवलं. दादानं तोंड उघडायच्या आत.

"फाईल उघडली नव्हती हो तुमची," दादा म्हणालाच तरी. "हिनं कोऱ्या कागदावरून केलं. हिचं सगळं काम लिनक्सवर."

"असेल, असेल," डॉक्टर म्हणाले. त्यांना त्या शब्दाशी काही देणंघेणं नव्हतं. "वाचायला येतं ना? मग झालं. मालक, तुम्ही वाचून दाखवा बघू. चष्म्याशिवाय हिंडता म्हणून विचारतो."

दादानं कार्ड छातीशी धरलं. "दिवा लावला की टेबलावरची सुई दिसते, पण हात खिशात असतील तर..."

"फारच छान," डॉक्टर म्हणाले, आणि त्याच्या हातातलं कार्ड त्यांनी उलटं केलं. "आता मागची शेवटची ओळ."

दादा कार्डाकडे बघत राहिला. मग पंख्याकडे बघितलं. पण पंख्यावर वहिनीची वाक्यं लिहिलेली नव्हती.

"उजेड," तो म्हणाला.

"उजेड भरपूर आहे."

"शाई ओली आहे."

"वाळलीय," मास्तर म्हणाले, अगदी नम्रपणे.

"मी वाचू का?" वहिनीनं कार्ड घेतलं आणि एका दमात वाचलं, "'ज्याला घरातलं सगळं दिसतं, त्याला बहुधा स्वतःचा चष्मा कुठे ठेवलाय ते दिसत नाही.' मी लिहिलंय हं हे. तीन वेळा सांगितलं ह्यांना वाचा म्हणून. दर वेळी म्हणायचे, वाचलं, बरं आहे."

डॉक्टरांनी खिशातून चिठ्ठ्यांची वही काढली आणि उभ्या उभ्याच काहीतरी खरडलं. "सोमवारी दवाखान्यात या. चष्म्याचा नंबर अडीचच्या आसपास निघेल. किती वर्षं झाली हो असं?" उत्तराची वाट न बघता डॉक्टरांनी चिठ्ठी टेबलावर ठेवली, "उरलेली सातशे अशीच काढा," म्हणाले आणि आले तसे लगबगीनं गेले.

मास्तर उगाचच एक स्वच्छ रूळ पुसायला लागले. वहिनीनं पावतीपुस्तक मिटलं.

मिलिमीटर दादाच्या समोर जाऊन उभी राहिली. तिला जिंकल्यासारखं वाटत नव्हतं. तीनशे कार्डं पोत्यात भरून दाराशी उभी होती आणि ती तिचीच होती.

"कार्ड पास झालं," ती म्हणाली.

"हं."

"पहिली तीनशे माझ्या चुकीनं गेली, तेही खरं."

"हं."

"पुन्हा चुकणार नाही असं मी म्हणत नाही. चुकले तर सांगेन, एवढं म्हणते. आता तू सांग. सोमवारी स्टुडिओवाला येणार आहे का?"

दादानं टेबलावरची चिठ्ठी उचलली. लांब धरली, जवळ धरली, घडी करून खिशात घातली. मग मागच्या खोलीकडे, त्या जुन्या डब्याकडे आणि कलत्या खुर्चीकडे एकदा बघितलं.

"दादा, मी काहीतरी विचारलंय."

त्यानं खुंटीवरची छत्री घेतली, ऊन असताना घेतली, आणि पोतं ओलांडून रस्त्यावर निघून गेला.